कोंबडी नाच आणि नानांची स्कूटर

(‘शिवाजी पेठ परिवार’ ग्रुप, शनिवार रात्र)

नाना: (व्हिडिओ) हे बघा सगळ्यांनी. दारू ढोसून रिंगणात उतरलाय. कोंबडीगत नाचतोय कसा!

माई आत्या: अगं बाई. पडला, उठला, परत पडला. दारूच ही.

ओंकार (पुणे): नाना, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असं लिहिलंय वर. तेवढं तरी बघत जा.

संजूदादा (सिडनी): दारू नाही नाना. तो झॅब जुडा, अमेरिकन बॉक्सर. ३ नोव्हेंबर २००१, लास व्हेगास. पहिली फेरी त्यानंच मारली होती, हात विजेसारखे चालत होते. दुसरी फेरी संपतच आली होती आणि समोरच्याचा उजवा हनुवटीवर बसला. हनुवटीवर बसला की डोकं गर्रकन फिरतं, आतला मेंदू हलतो आणि पाय कुणाचंच ऐकत नाहीत. जुडाला वाटलं आपल्याला काही झालं नाही, म्हणून टुणकन उठला. पुढचं तुम्ही बघितलंच.

संजूदादा: पंच जे नेडी यांनी लढत थांबवल्यावर या जुडानं स्टूल भिरकावलं, पंचाच्या गळ्याला ग्लोव्ह लावला. ७५ हजार डॉलर दंड आणि सहा महिने बंदी.

प्राजक्ता: बापरे. आणि लोक नाचावर हसतायत.

संजूदादा: त्या व्हिडिओत खरा बघायचा तो दुसरा. मागं बारीक शेंडी आहे ना, तो.

नाना: शेंडीवाला? चिनी दिसतोय.

संजूदादा: रशियन. कोस्त्या झू. वडिलांकडून कोरियन रक्त आहे. आडनाव इंग्रजीत टी-एस-झेड-वाय-यू असं लिहितात आणि म्हणायचं नुसतं ‘झू’. इथं आल्यावर पहिलं वर्षभर मी ते ‘त्स्झ्यू’ म्हणायचो, ऑफिसातले हसायचे.

नाना: वजन?

संजूदादा: ६३.५ किलोचा गट.

नाना: मग पोरगंच की. आपल्या तालमीत असली ढिगानं होती.

संजूदादा: ढिगानं नाही हो. सेरोव नावाचं गाव आहे, उरल डोंगराकडं, पोलाद कारखान्याचं. १९६९ चा जन्म. बाप बोरीस कारखान्यात कामाला, आई नर्स. ९ व्या वर्षी बापानं बॉक्सिंगला घातला. हौशी गटात २७० लढती, त्यातल्या २५९ जिंकल्या असं त्याचं रेकॉर्ड सांगतात. १९९१ साली जागतिक स्पर्धा इथं सिडनीत झाली, तिथं सुवर्ण घेतलं. त्याच वर्षाअखेर सोव्हिएत संघ मोडला. १९९२ ला हा होणाऱ्या बायकोला घेऊन सिडनीत राहायलाच आला आणि व्यावसायिक झाला.

माई आत्या: इंग्रजी येत होतं का रे त्याला?

संजूदादा: नावालाच. मला तरी येत होतं, तरी पहिले सहा महिने फोन वाजला की पोटात गोळा यायचा.

नाना: वस्ताद कोण मिळाला?

संजूदादा: हा प्रश्न फक्त तुम्हीच विचारणार! जॉनी लुईस. सिडनीतल्या न्यूटाऊनचा. जेफ फेनेक, जेफ हार्डिंग हे जगज्जेते त्याच्याच हाताखाली झालेले. १९९५ च्या जानेवारीत झूनं जेक रॉड्रिग्जला सहाव्या फेरीत झोपवून पहिला जागतिक किताब घेतला. १९९७ ला व्हिन्स फिलिप्सनं दहाव्या फेरीत हाणला, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. तिथून परत चढला. २००० मध्ये मेक्सिकोचा म्हातारा वाघ चावेझ, २००१ मध्ये शार्म्बा मिचेल आणि मग तुमचा हा कोंबडीवाला, सगळ्यांना हरवलं. तेव्हा त्या गटाचे तिन्ही मोठे पट्टे, म्हणजे जागतिक किताब, याच्या एकट्याकडं आले.

नाना: नादखुळा.

काकी: संजू, तू बरा सापडलास ह्यांना. आज परत स्कूटर घेऊन गंगावेशीत गेलतं. दूध कट्ट्यापाशी घसरून पडलं. ढोपर फुटलंय. ग्रुपवर सांगितलं नसंल.

ओंकार: नाना??

प्राजक्ता: काय?? कधी?

नाना: काय न्हाई. खडी होती. गाडी उभीच होती. संजू, पुढं सांग.

काकी: उभ्या गाडीवरनं कोण पडतं?

ओंकार: नाना, वय ७६. मोतीबिंदूचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन बाकी. किती वेळा सांगायचं?

नाना: पन्नास वर्सं गाडी चालवतोय. मला शिकवू नका. संजू.

संजूदादा: सांगतो. पण आता सांगतोय ती हारलेली लढत आहे, ऐकाल का?

नाना: सांग. हार पण बघावी लागती.

संजूदादा: जून २००५, इंग्लंडातलं मँचेस्टर. झू ३५ वर्षांचा. समोर रिकी हॅटन, त्याच गावचा पोरगा, नऊ वर्षांनी लहान. (२०२५ च्या सप्टेंबरात गेला बिचारा, ४६ व्या वर्षी.) अमेरिकेतल्या टीव्हीसाठी लढत रात्री दोनला लावलेली. तरी स्टेडियम खच्चून भरलेलं, बावीस हजारांच्या आसपास, सगळे हॅटनचे. इथं सिडनीत रविवारची सकाळ होती, अकरा वाजले होते. मी मित्राच्या घरी पोहे खात बघत होतो.

संजूदादा: हॅटननं काय केलं, तर लांब राहायलाच दिलं नाही. झूचा उजवा हात लांबून येतो, तो बसला की विषय संपला. हा अंगाला चिकटला, ढकलत राहिला, बरगड्यांत मारत राहिला. तुमच्या भाषेत, डाव टाकायला जागाच ठेवली नाही. दहावी-अकरावी फेरी येईतो झू नुसता मार खात होता. अकरावी संपली. स्टूलवर बसला. एक फेरी राहिली, तीन मिनिटं. गुण देणाऱ्या तिन्ही पंचांच्या कागदावर हॅटन पुढं. जॉनी लुईसनं त्याला बाराव्या फेरीला उठूच दिलं नाही. संपली लढत.

प्राजक्ता: फक्त तीन मिनिटं राहिली असताना?

संजूदादा: हो. आणि झू त्यानंतर कधीच लढला नाही. ३१ विजय, २ हार, तिथंच थांबलं.

नाना: चुकलं वस्तादाचं.

ओंकार: मला वाटलंच होतं.

नाना: अरे, एक ठोसा लागला असता तर? तूच म्हणालास उजवा बसला की विषय संपला. गड्याला इचारलं का? कुस्ती निकाली हुईस्तोवर पंच सोडवत न्हाई आन ह्यो घरचाच माणूस सोडवतोय.

संजूदादा: नाना, कुस्तीत पाठ टेकली की संपतं. इथं पाठ टेकायच्या आधी मेंदूत रक्त साकळतं. शेवटच्या फेऱ्यांत, थकल्यावर, मान ढिली पडल्यावर जास्त धोका. आणि गड्याला विचारून काय उपयोग? जुडाला विचारलं असतं तर तोही ‘मी ठणठणीत’ म्हणाला असता. म्हणतच होता.

माई आत्या: हे बाकी खरं.

संजूदादा: आणि गंमत ऐका, गंमत म्हणजे वाईट वाटणारी. हाच झू पुढं रशियात परत गेला, वस्ताद झाला. डेनिस लेबेदेव त्याच्या हाताखाली. मे २०१३, मॉस्को, समोर पनामाचा गियर्मो जोन्स. लेबेदेवचा उजवा डोळा सुजून सुजून असा झाला की मी मोबाईल उलटा ठेवला. अख्खं जग ‘थांबवा’ म्हणत होतं. झूनं नाही थांबवलं. अकराव्या फेरीत पोरगा कोसळला तेव्हाच थांबली.

प्राजक्ता: ज्याला स्वतःला वेळेवर थांबवलं होतं, त्यानं??

संजूदादा: त्यानंच. मला ते आजवर पटलेलं नाही. मोठा बॉक्सर, पण त्या रात्री जॉनी लुईसची पायरी गाठता आली नाही.

नाना: (बराच वेळ ‘टाइप करत आहे’) जोन्स जिंकला मग?

संजूदादा: जिंकला, पण नंतर बंदी असलेलं औषध सापडलं आणि पट्टा काढून घेतला.

माई आत्या: रशियात परत का गेला पण? पोरंबाळं?

संजूदादा: बायकोशी काडीमोड झाला. पोरं इथंच, आईजवळ. टिम आणि निकिता, दोघंही बॉक्सर झाले. आजोबा बोरीस इथं येऊन राहिले, नातवंडांना घडवायला त्यांचाही हात. टिम २०२३ ला जगज्जेता होता.

माई आत्या: बाप तिकडं, पोरं इकडं, आजोबा पोरांजवळ. कठीणच सगळं.

(या मेसेजला बराच वेळ कुणी उत्तर दिलं नाही.)

संजूदादा: टिमचंही ऐका मग झोपा. मार्च २०२४, लास व्हेगास. सेबॅस्टियन फुंडोरा, साडेसहा फुटी माणूस. दुसऱ्या फेरीत त्याच्या कोपराला डोकं आपटून कवटीवरची कातडी फाटली. रक्त थेट डोळ्यांत. पुढच्या दहा फेऱ्या तो जवळजवळ आंधळ्यासारखा लढला. कोपऱ्यात थांबलेल्या त्याच्याच माणसांनी लढत चालू ठेवली. थोडक्यात हरला. मग त्याच ऑक्टोबरात बाखराम मुर्ताझालियेव, हा रशियाचाच, त्यानं चार वेळा पाडला आणि तिसऱ्या फेरीत कोपऱ्यातून टॉवेल आला. इथले लोक अजून भांडतात, पहिल्या वेळी टाकायला हवा होता की नाही.

ओंकार: हवा होता.

प्राजक्ता: हवा होता.

काकी: टॉवेल म्हंजे?

संजूदादा: काकी, कोपऱ्यातल्या माणसाला वाटलं की पुरे, तर तो रिंगणात टॉवेल फेकतो. लढत तिथंच थांबवतात. लढणाऱ्याला विचारत नाहीत.

काकी: असं हाय व्हय.

नाना: झोपा आता. बारा वाजलं.

(रविवार, सकाळ ७:१०)

नाना: गाडीची किल्ली कुणी बघितली का? खुंटीवर न्हाई.

ओंकार: नाना, मी पुण्यात आहे.

नाना: संजू?

संजूदादा: मी सिडनीत आहे हो!

नाना: मग कुठं गेली?

काकी: तांदळाच्या डब्यात हाय. डबा माळ्यावर. शिडी शेजारच्यांकडं.

प्राजक्ता: आई!

नाना: आगं घरातच हायस की. तोंडानं सांगायचं, ग्रुपवर कशाला?

काकी: समद्यांनी वाचावं म्हणून.

नाना: ढोपर ठणकतंय हे खरं. ओंकार, त्या कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याचा नंबर टाक. दूध प्यायला तर जायचंच हाय.