लॉकचे नियम: कॉमेंट की असर्ट?

बिनकुलपी: लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये फंक्शनच्या डोक्यावर जागोजागी लिहिलेलं असतं, ‘कॉल करणाऱ्याने लॉक घेतलेलं असावं.’ लॉक म्हणजे दोघांनी एकाच वेळी डेटात हात घालू नये म्हणूनचं कुलूप. ती कॉमेंटची ओळ उडवा आणि आत लॉकडेप_असर्ट_हेल्ड टाका, म्हणजे लॉक खरंच धरलंय का हे कोड चालताना तपासणारा असर्ट. कोड बदलतो, कॉमेंट तशीच पडून राहते आणि नवा माणूस तिच्या भरवशावर गोत्यात येतो. असर्ट निदान बोंब तरी मारतो.

सावधचित्त: कुणाच्या मशीनवर? लॉकडेपने, म्हणजे लॉकवर नजर ठेवणाऱ्या तपासनिसाने, कर्नल (लिनक्सचा गाभा) मंदावतो, म्हणून वापरकर्त्यांकडे तो सहसा बंदच. तिथे तुमचा असर्ट असून नसल्यासारखा. चालू असला तरी जो मार्ग धावला तोच तपासला जातो. जीपीयू (ग्राफिक्स चिप) हँग झाल्यावरचा रिसेटचा मार्ग टेस्टमध्ये कितीदा येतो?

बिनकुलपी: २००६ पासून कर्नलमध्ये असलेला लॉकडेप डेडलॉक, म्हणजे एकमेकांच्या लॉकची वाट बघत सगळे अडकणं, व्हायची वाट बघत नाही. एकदा अ धरून ब घेतलं, नंतर कधीतरी ब धरून अ घेतलं, की तक्रार. क्रम आधीच शिकवताही येतो. डीएमए बफरच्या (उपकरणांनी वाटून घ्यायच्या मेमरीच्या)  कोडमधलं एक छोटं फंक्शन बूट होतानाच आधी एमएमॅप लॉक (प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशाचं), मग रिझर्वेशन लॉक (बफरचं), मग मेमरी रिक्लेम (वापरातली मेमरी मोकळी करणं), असा क्रम गिरवून दाखवतं. उलटा क्रम लावणारा ड्रायव्हर मग लवकर सापडतो.

जुनं खोड: मध्येच बोलतो. जुन्या कोडमध्ये वॉर्न_ऑन या इशारा देणाऱ्या ओळीच्या आत म्युटेक्स_इज_लॉक्ड दिसतं, ते ‘कुणीतरी धरलंय का’ एवढंच बघतं. लॉक भलत्याच थ्रेडने धरलं असलं तरी ते गप्प! लॉकडेपचा असर्ट ‘चालू टास्कने धरलंय का’ हे बघतो. आधी एवढं तरी बदला.

सावधचित्त: ते बदलाच. पण ‘का’ कुठे लिहिणार? फेन्स (जीपीयूचं काम संपल्याचा निरोप) सिग्नल करण्याच्या वाटेवर जीएफपी_कर्नलने, म्हणजे लागलं तर थांबायच्या तयारीने, मेमरी मागायची नाही. मेमरी कमी पडली तर रिक्लेम सुरू होणार, त्यातला श्रिंकर (मेमरी मोकळी करणारा कोड) त्याच फेन्सची वाट बघत बसू शकतो, आणि सिग्नल करणारे आपणच अडकलेलो. हे असर्ट वाचून कुणाला कळेल?

बिनकुलपी: ‘सिग्नलची वाट इथून सुरू’ असं लॉकडेपला सांगणारी डीएमए_फेन्स_बिगिन_सिग्नलिंग ही खूण त्याचसाठी आहे.

सावधचित्त: ते पकडतं. समजावत नाही. लॉगमधला भलामोठा स्प्लॅट (लॉकडेपची लांबलचक तक्रार) बघून नवशिका ती खूणच काढून टाकतो आणि लॉग स्वच्छ झाला म्हणून पॅच (कोडमधला बदल) पाठवतो. कुठलं लॉक कुठली फील्ड राखतं आणि का, हे स्ट्रक्चरपाशी, म्हणजे त्या फील्ड जिथे जाहीर केल्यात तिथे, लिहायलाच हवं.

बिनकुलपी: स्ट्रक्चरपाशी खुशाल लिहा. फंक्शनवरची ओळ मात्र माझ्या पॅचमध्ये उडणारच.

जुनं खोड: उडवा, पण असर्ट त्याच पॅचमध्ये येऊ द्या. ‘पुढच्या पॅचमध्ये टाकतो’ चालणार नाही.