ताण उतरवायला माती: क्लास लावू की घरीच करू?

डोंबिवलीकरीण:
फोर्टात बँकेत आहे. मार्च एंडपासून झोपेत दात आवळले जातात, सकाळी जबडा दुखतो. गेल्या गणपतीत भाच्याबरोबर शाडूची मूर्ती केली होती. हात मातीत, त्यामुळे दोन तास फोन घेताच आला नाही, आणि त्या रात्री गाढ झोप लागली. तेच पुन्हा हवंय. कुंभाराच्या चाकाचा क्लास लावू का? घर वन बीएचके, सासूबाईंचे गुडघे दुखतात, फरशी निसरडी होऊन चालणार नाही.

सायनवाला:
ताई, चाक आत्ता नको. वडील गेल्यावर मी धारावीच्या कुंभारवाड्यात जायला लागलो. तिथली बरीच कुटुंबं मूळची सौराष्ट्रातली. ज्या काकांकडे जायचो, त्यांनी महिनाभर चाकाला हात लावू दिला नाही, नुसती माती मळायला लावली. तेव्हा राग यायचा. पण मला सावरलं ते त्या मळण्यानंच. चाकावर गोळा मधोमध बसवतानाच नवशिक्याचे खांदे भरून येतात.

घरी शाडू घ्या, दोन किलो पुरे. कणकेपेक्षा जरा घट्ट मळा. लिंबाहून मोठा गोळा तळहातावर घेऊन मध्ये अंगठा दाबा, आणि फिरवत फिरवत कड चिमटीनं पातळ करत वाटी काढा. डोळे मिटून करून बघा. शाडू भाजत नाहीत, वाळला तरी पाण्यात पुन्हा विरतो. म्हणून वाटी जपून ठेवू नका, बादलीत टाका. मी वर्षभर एकही वस्तू ठेवली नाही. चांगली झाली की वाईट, हा प्रश्नच उरत नाही.

परळची मावशी:
हात बेसिनमध्ये धुऊ नकोस गं, पाइप तुंबतो. बादलीत धू, गाळ खाली बसला की वरचं पाणी ओत. वाळलेली माती झाडूनं झाडू नकोस, धूळ छातीत जाते. ओल्या फडक्यानं पूस.

अभ्यासू:
अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचा २०१६चा अभ्यास आहे. ३९ जणांनी ४५ मिनिटं माती, मार्कर, कोलाज यांतलं हवं ते केलं. साधारण ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, कमी झालं, आधी कलेचा सराव असो वा नसो. तरी जबडा दाताच्या डॉक्टरांना दाखवाच.

डोंबिवलीकरीण:
शुक्रवारची अपॉइंटमेंट घेतली. पण जूनमध्ये शाडू कुठे मिळेल?

सायनवाला:
मी लालबागच्या एका मूर्तिकाराकडून सुटा घेतो. कारखान्यांत गणपतीची कामं सुरू झालीत, तिथे विचारा. पिशवी दुहेरी न्या, ओली माती जड असते.