काटा तोंडात घालायचा नाही
थाई लोक सगळंच चॉपस्टिकने खातात असं म्हटलं जातं, ते बरोबर नाही. चॉपस्टिक तिथे मुख्यतः नूडल्सच्या सूपसाठी. भाताला उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा. काट्याने घास चमच्यावर सारायचा, काटा तोंडात घालत नाहीत. सुरी लागत नाही, कारण मांस-भाज्या स्वयंपाकघरातच घासाएवढ्या चिरलेल्या असतात. काटा-चमचा १९व्या शतकात राजदरबारातून रुजला. त्याआधी हातानेच जेवत.

ईशान्येकडच्या ईसान भागात चिकट भात आजही हातानेच खातात. 'क्रातिप' नावाच्या बांबूच्या टोपलीतून थोडा भात काढायचा, बोटांनी गोळा वळायचा आणि झणझणीत चटणीत बुडवायचा. कालवणात भाकरी बुडवून खाणाऱ्या आपल्याला हे फार जवळचं वाटावं. आणि हो, पदार्थ सगळ्यांच्या मध्ये असतात. एका वेळी एखाद-दोन चमचेच वाढून घ्यावेत.