वयामुळे चालायचंच असं समजू नका

वर एकांनी लिहिलंय की सत्तरीनंतर विसरणं चालायचंच, त्यात डिमेन्शियाबद्दल (स्मृतिभ्रंशाबद्दल) थोडं जोडते, कारण आमच्याकडे असंच म्हणत म्हणत दोन वर्षं गेली. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं आणि मग आठवणं वेगळं, आईचं तसं नव्हतं. संकष्टीला उकड काढायला गॅससमोर उभी, हातात पिठाचा डबा, पातेल्यात पाणी खळखळ उकळतंय आणि पुढे काय करायचं तेच तिला सुचेना, चाळीस वर्षं मोदक केलेली बाई. माझ्याकडे बघून नुसतं हसली. पोटात गोळाच आला माझ्या. मागे वळून बघितलं तर दूधवाल्याचा हिशोब चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा, भिशीला जाणं बंद, सगळं आधीपासून होतं.

असं दिसलं तर डॉक्टरांकडे न्याच, आणि बी१२, थायरॉईड पण तपासा, त्यांच्यामुळेही असं होऊ शकतं आणि ते औषधाने सुधारू शकतं.

डिमेन्शियाच्या रिस्कचं म्हणाल तर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनच्या २०२४ च्या अहवालात रिस्क वाढवणारी १४ कारणं दिलीयेत, ती सगळी आटोक्यात आणली तर जवळपास ४५ टक्के केसेस टळतील किंवा लांबतील असा अंदाज आहे. बीपी, शुगर, सिगारेट आहेतच पण कमी ऐकू येणं पण आहे त्यात, जे आपल्याकडे कुणी मनावरच घेत नाही. आई टीव्ही मोठ्याने लावायची, आम्ही आवाज कमी कर म्हणून ओरडायचो, कान तपासायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. आता कानाला मशीन लावलंय, रोज संध्याकाळी मावशीशी फोनवर बोलते.