मदत हवी आहे: खो-खोच्या तासाला जोडीदाराने नेमकं काय बघावं?

बडोदा, सातवी, ४४ मुलं, ३५ मिनिटांचा तास, एकच मैदान. शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक मॉस्टन यांची परस्पर-शिक्षण पद्धत वापरतोय: एक मूल करतं, दुसरं मुद्द्यांचं कार्ड बघून चूक सांगतं. खांब धरून वळण्याला ती उत्तम चालते, कारण बघायला वेळ मिळतो. अडचण खो देण्याची. पाठीमागून स्पर्श आणि ‘खो’ एकत्र हवेत, बसलेल्याने त्याआधी उठायचं नाही. हे क्षणात घडतं आणि निरीक्षक नुसतं ‘मस्त’ म्हणतात. तासानंतरच्या टिपणांत दर वेळी हेच येतं. कार्डावरचे मुद्दे सहावरून दोन केले, तिघांनाच बसवून छोटा डाव लावला; फरक थोडाच. मोबाईलवर चित्रीकरणाला परवानगी नाही. खेळ न थांबवता मुलांनी काय मोजावं: लवकर उठण्याच्या चुका, की बरोबर दिलेले खो?