अनकॉन्फरन्सला मराठीत काय म्हणायचं? फ्लेक्स छापायचाय

परवा सात रस्त्याजवळ एका फ्लेक्सवाल्याकडे गेलो होतो. मजकूर सांगायच्या आधीच त्याने कॉम्प्युटरवर उजव्या बाजूला तीन मोठे गोल काढून ठेवले होते. "मालक, फोटो कुणाचे?" कुणाचेच नाहीत म्हटलं. "बरं, अध्यक्ष?" नाही. "प्रमुख पाहुणे? उद्घाटक?" नाहीत. "वक्ते तरी असतील की." म्हटलं, जे येतील तेच वक्ते. त्याने माऊस सोडला, चहाचा एक घोट घेतला आणि विचारलं, "मग कार्यक्रम काय आहे?"

कार्यक्रम त्या दिवशी सकाळी ठरणार आहे, हे सांगायचा धीर झाला नाही. "नाव फायनल करून येतो" म्हणालो आणि निघालो. म्हणून हा प्रश्न.

बेत असा. सोलापुरातले, आणि पुण्या-हैदराबादची नोकरी घरी बसून करणारे सोलापूरचे, असे आम्ही सॉफ्टवेअरवाले एका रविवारी मंगळवेढा रोडला मित्राच्या शेतात जमतोय. विषय अजाईल: काम छोट्या तुकड्यांत करायचं, दर तुकड्याला गिऱ्हाइकाला दाखवायचं, त्याचं ऐकून पुढची दिशा बदलायची. फी नाही, नोंदणी नाही. सकाळी सगळ्यांनी गोल बसायचं. ज्याच्या डोक्यात विषय असेल त्याने उठून तो कागदावर लिहायचा, वेळ आणि झाड ठरवायचं, कागद भिंतीला डकवायचा. संपली पत्रिका. मग ज्याला जिथे रस, त्याने तिथे जाऊन बसायचं.

ही आमची अक्कल नाही. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन माणसाने १९८५ साली ही रीत सुरू केली, नाव ओपन स्पेस. त्याआधी त्याने वर्षभर राबून एक मोठी परिषद भरवली होती आणि लोकांनी सगळ्यात कौतुक केलं ते मधल्या कॉफीच्या सुट्ट्यांचं! तेव्हा त्याने ठरवलं की सगळी परिषदच सुट्टीसारखी करायची. पुढे २००५ मध्ये कॅलिफोर्नियात बारकॅम्प निघाले, त्यांचा दंडकच होता की नुसतं बघायला कुणी यायचं नाही, आलात तर काहीतरी मांडा. या सगळ्या प्रकाराला अनकॉन्फरन्स म्हणतात. मराठीत? "अपरिषद" लिहून पाहिलं. बायको म्हणाली, अपघातासारखं वाटतंय.

निवृत्त मराठी शिक्षक, जुळे सोलापूर

चिरंजीव, सूनबाईंचा कान चांगला आहे. पण नकार लावून केलेला शब्द वाईटच असतो असं समजू नका. "अनवाणी" घ्या. तो मूळ संस्कृत "अनुपानह", म्हणजे ज्याच्या पायात उपानह, वहाण, नाही तो. आज अनवाणी म्हणताना कुणाला ते उपानह आठवतं का? शब्द जिरला. "अपरिषद" जिरणार नाही, कारण मुळात परिषदच आपल्या रोजच्या बोलण्यातली नाही. जी गोष्ट माहीत नाही ती "नाही" असं सांगून काय कळणार?

"संमेलन" टाळा. ते म्हटलं की अध्यक्ष आलाच, आणि अध्यक्षपदावरून वादही. "परिसंवाद" म्हटलं की टेबल, त्यावर पांढरी चादर, पाण्याच्या बाटल्या. "मेळावा" चालला असता, पण तो आता कार्यकर्त्यांचा नाहीतर पालकांचा.

कॉलेजातला, शेवटचं वर्ष

दादा, गड्डा म्हणा की! जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर काय होतं? कुणी कुणाला सांगत नाही आधी कुठे जायचं. पाळण्यात बसा, नाहीतर भेळ खा, कंटाळा आला की पुढच्या स्टॉलवर. अजाईल गड्डा. सोलापूरकरांना एका शब्दात कळेल.

मूळ प्रश्नकर्ता

कळेल, आणि आमची आई विचारेल पाळणा किती रुपये. पण भिरभिरण्याचा मुद्दा बरोबर पकडलास. ओवेनच्या रीतीत एक नियमच आहे, दोन पायांचा: जिथे तुम्ही शिकतही नाही आणि काही देतही नाही, तिथून उठा आणि दोन पायांवर दुसरीकडे जा. आपल्याकडे हे सगळ्यात अवघड. बोलणाऱ्यासमोरून उठणं म्हणजे त्याचा अपमान. भाषेनेही तशीच सोय केली आहे: "काढता पाय घेतला" म्हटलं की माणूस चोरासारखा निसटला असंच वाटतं. उजळ माथ्याने उठून जाण्याला आपल्याकडे शब्दच सापडत नाही. "पाय मोकळे करून येतो" हा एक सभ्य बहाणा आहे, तोच नियमाच्या जागी लिहावा म्हणतो.

पूर्व भागातून, टेस्टिंगमध्ये आहे

सर, नावाचं नंतर बघू, आधी "अजाईल"चं करा. सगळीकडे "चपळ" लिहितात, मला तो शब्द वाचला की मांजर दिसते. आणि मॅनेजरला दिसतो वेग. आधीच्या एका नोकरीत आमचा साहेब म्हणायचा, आपण आता अजाईल झालो, म्हणजे तीन महिन्यांचं काम सहा आठवड्यांत. हा घोळ शब्दाचाच आहे.

आमच्या घरी वडिलांचा टॉवेलचा लूम होता. आठवड्याला एकदा ताण्याचा बीम मागावर चढायचा. चढला की उभे धागे ठरले, रुंदी ठरली, त्यात हात घालायचा नाही. पण बाणा, म्हणजे आडवे धागे? धोट्यातली कांडी बदलली की रंग बदलला. वडील नवीन रंगाचा पहिला टॉवेल उतरला की कापायचे, न धुता तसाच पिशवीत घालून सायकलवर व्यापाऱ्याकडे. तो म्हणायचा, काठाला हिरवा नको, राणी घाला. वडील परत येऊन कांडी बदलायचे. माल वेगाने निघायचा असं काही नाही, उलट त्या फेरीत अर्धा तास माग उभा राहायचा आणि आई बडबडायची. पण दोनशे टॉवेल हिरव्या काठाचे पडून राहायचे नाहीत. ही माझ्या लेखी अजाईल. चपळ वगैरे नाही, वेळेवर वळणारी. ताणा पक्का, बाणा बदलता.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, हे फ्लेक्सवर बसत नाही, पण शेतात येऊन सांगा. एक झाड तुमचं.

वेगाबद्दल म्हणताय ते अगदी खरं. फेब्रुवारी २००१ मध्ये युटामधल्या स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. तोवर या पद्धतींना "लाइटवेट", म्हणजे हलक्या, म्हणायचे, आणि स्वतःला हलकं म्हणवून घ्यायला कोण तयार होईल? म्हणून नवं नाव शोधलं. जाहीरनाम्यात चार मूल्यं, मागे बारा तत्त्वं. चौथं मूल्य आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरं जाण्याचं. वेळेत निम्मी कपात करा असं कुठेच नाही.

कॉलेजातला

बॅकलॉगचं काय करायचं? आमच्याकडे बॅकलॉग म्हणजे राहिलेले विषय. इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी टीम लीड म्हणाला, "आपला बॅकलॉग मोठा आहे, चांगलं आहे." मला वाटलं, हा पण नापास झालाय.

निवृत्त शिक्षक

हा हा. सरकारी मराठीत त्याला "अनुशेष" म्हणतात. विकासाचा अनुशेष मोजायला १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. रिक्त पदांचाही अनुशेष असतो. पण तिथेही अर्थ तोच, द्यायचं होतं ते दिलं नाही. तुमच्या धंद्यात तो अपराध दिसत नाही, नुसती करायच्या कामांची यादी. मग "पुढची कामं" म्हणा. एवढ्याला संस्कृत कशाला?

"रेट्रोस्पेक्टिव्ह"ला, म्हणजे कामाचा एक तुकडा संपला की मागे वळून बघायच्या तुमच्या बैठकीला, मात्र सिंहावलोकन नेमका आहे. सिंह चालता चालता थांबून मागे बघतो आणि परत पुढे निघतो, बसकण मारत नाही. आणि रोज सकाळी उभ्याने जी बैठक घेता, पंधरा मिनिटांची, तिला "बैठक" म्हणू नका. कोकणापासून विदर्भापर्यंत कुठलीही बाई शेजारणीला म्हणते, "उभ्या उभ्या येऊन गेले." तोच शब्द घ्या.

अक्कलकोटहून

मालक, आमच्या घरात कन्नड. नाव शोधायला लांब जायची गरज नाही. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणमध्ये, आजचं बसवकल्याण, अनुभव मंटप होता. वेगवेगळ्या जातींची, धंद्यांची माणसं, बायकासुद्धा, तिथे बसून आपापला अनुभव वचनांतून बोलायची. आपले सिद्धरामेश्वर त्याच वचनकारांतले. पाठ करून आलेलं भाषण नाही, अनुभव. तुमचंही तेच ना?

मूळ प्रश्नकर्ता

अण्णा, शब्द वाचून अंगावर काटा आला, आणि म्हणूनच तो घेणार नाही. लोक ज्याला हात जोडतात तो शब्द "मोफत वायफाय"च्या शेजारी छापणं बरं नाही. शिवाय तिथे अध्यक्ष अल्लमप्रभूंचं शून्य सिंहासन होतं, आमच्याकडे सतरंजी.

वारीचंही कुणीतरी मला फोनवर सुचवलं. वारी आपोआप चालते असं बाहेरून वाटतं. दिंड्यांचे क्रम ठरलेले, चोपदार दंड उंचावतो तेव्हा एवढा समाज गप्प होतो. ती शिस्त वेगळी.

मंगळवेढ्याहून, शेती आणि थोडं कोडिंग

इर्जिक.

मूळ प्रश्नकर्ता

दादा, थोडं उलगडून सांगा. इथे अर्ध्यांना माहीत नसेल.

मंगळवेढ्याहून

एखाद्याची नांगरट मागे पडली, घरात आजारपण असेल, बैल मेला असेल. तो सांगावा धाडायचा. गावातले लोक आपापले बैल, आपापले नांगर घेऊन यायचे, एका दिवसात रान उलटं करून द्यायचे. मजुरी नाही. संध्याकाळी त्याच्या घरी जेवण. बस. आमची आज्जी "इर्जिक घातली" म्हणायची.

सावड वेगळी. सावडीत फेड असते, आज तुम्ही माझ्यात आलात, उद्या मी तुमच्यात, आणि कोण किती दिवस आलं ते डोक्यात पक्कं असतं. इर्जिकेत हिशेब नाही. तुम्ही फुकट, मोफत, विनामूल्य यातलं काय छापायचं म्हणून डोकं खाजवणार. फुकट म्हटलं की लोकांना किंमत नाही, विनामूल्य म्हटलं की ट्रस्टचं नेत्रतपासणी शिबिर. इर्जिक म्हटलं की पैशाचा प्रश्नच निघत नाही. अवजार आपलं आणायचं, जेवण यजमानाचं.

पूर्व भागातून

शब्द छान, पण एक अडतंय. इर्जिकेत सगळे एकाच माणसाच्या रानात राबतात. इथे प्रत्येकजण आपलाच विषय घेऊन येणार. मग रान कुणाचं?

मंगळवेढ्याहून

ताई, कागद भिंतीला लावणारा माणूस काय म्हणतो? माझं इथे अडलंय, या. अर्ध्या तासापुरतं ते त्याचं रान. पुढच्या अर्ध्या तासाला दुसऱ्याचं. दिवसात दहा इर्जिका.

निवृत्त शिक्षक

मान्य. आणि तुमच्या धंद्यात आपलं काम आपणच लावून घेणाऱ्या टीमला जो शब्द वापरतात, स्वयंसंघटित, त्यातून सुटका होते ते वेगळंच. "स्वयं" लागलं की मला स्वयंचलित जिना दिसतो, कुणी न हलवता हलणारा. एकच स्वयं मराठीने घरात घेतला, तो स्वयंपाक, आणि त्यात स्वतःसाठी कुणी करत नाही!

पूर्व भागातून

सर, स्क्रम ही अजाईलचीच एक पद्धत, तिच्या मार्गदर्शिकेतही २०२० मध्ये हा शब्द बदलला, आधी स्वयंसंघटित टीम होती, आता स्वयंव्यवस्थापित. कोणी काय करायचं, कधी, कसं, ते टीमनेच ठरवायचं. मी "आपलं आपण" म्हणते. "ज्याचं त्याने" नाही हं. त्यात दार लावून घेतल्यासारखं वाटतं.

कॉलेजातला

आणि जो कुठेच धड बसत नाही, या झाडाखालून त्या झाडाखाली फिरत राहतो त्याचं काय? मी तसाच आहे.

मूळ प्रश्नकर्ता

तुझी सोय ओवेनने केली आहे. असल्यांना तो भुंगे म्हणतो, एका घोळक्यातलं दुसऱ्यात पोचवणारे. मराठीत भुंगा डोक्याला लागतो, म्हणून तुला माधुकरी मागणारा म्हणू. पाच घरचं थोडं थोडं, एकाच झोळीत.

आता फ्लेक्सची खबर. काल परत गेलो. वर "अजाईलची इर्जिक", खाली एक ओळ: "आपलं अडलेलं घेऊन या, जेवण आहे." त्याने टाइप करताना विचारलं, इर्जिक म्हणजे? सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या मामाकडं होती की ही. बार्शीकडं." मग एवढंसंही न विचारता फॉन्ट मोठा केला. उजवीकडचे तीन गोल मात्र तसेच होते. काढू का म्हणाला. म्हटलं, राहू द्या, गोलाच्या जागी चौकोन करा, आत काही टाकू नका, पांढरेच छापा. त्याला वाटलं फोटो नंतर चिकटवणार.

रविवारी मार्कर मी आणतो. चिकटपट्टी कुणीतरी आणा, शेतातल्या भिंतीला कागद धरत नाही.