मदत हवी आहे: अधिक महिना आला की वर्षावास (बौद्ध भिक्खूंचा पावसाळ्यातला एका ठिकाणचा मुक्काम) कधीपासून धरायचा?

नमस्कार मंडळी. हिंदू आणि बौद्ध सण एकत्र मांडून वर्षभराची तिथीवही करतेय. आषाढ पौर्णिमेला अडले आहे. एकाच चंद्राखाली गुरुपौर्णिमा, आणि बुद्धांच्या सारनाथच्या पहिल्या प्रवचनाची आठवणही. ते पान लिहिताना फार आनंद झाला. पण २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण आला नि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. वर्षावास तर आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीनच महिन्यांचा! मग त्या वर्षी तो ३ जुलैच्या आषाढ पौर्णिमेला सुरू झाला, की १ ऑगस्टच्या पौर्णिमेला? पंचांग जाणणाऱ्यांनी, आणि विहारात वर्षावास पाळलेल्यांनी तर नक्कीच, कृपया सांगा. अंदाजाने तारीख लिहायची नाहीये मला.